बार खाली आला आणि सोफा अंधारात गेला

ताई, नमस्कार.

मी सांगलीचा, वय २६. पाच वर्षं एका काकांच्या हाताखाली नाटकांचे लाइट्स केले, दोन ओळींच्या फेडरवाल्या (वरखाली सरकवायच्या पट्ट्यांच्या) डिमर बोर्डवर. यंदा आमच्या नाटकाला पहिल्यांदाच मूव्हिंग हेड्स, म्हणजे बोर्डवरून हव्या त्या दिशेला वळवता येणारे लाइट, मिळाली. १० स्पॉट आणि सोबत १२ एलईडी पार (जागेवर स्थिर, रंग बदलणारे लाइट). ग्रँड एमए २ हा कॉम्प्युटरवाला लाइट बोर्ड शिकून मी स्वतः प्रोग्रॅमिंग केलं. दोन अंक, ६८ क्यू, म्हणजे प्रकाशाचे साठवलेले ६८ बदल. पहिला प्रयोग छान झाला. दुसरा प्रयोग दुसऱ्या गावात होता. तिथे लाइट टांगायचे बार खाली होते, पारही वेगळ्या लाइटवाल्याचे होते. एकही लाइट जागेवर पडेना. तिसऱ्या घंटेपर्यंत मी एकेक क्यू उघडून दुरुस्त करत होतो, चाळीसेक झाले. दुसऱ्या अंकात आमची नायिका सोफ्यावर बसून मोठं स्वगत बोलते. उजेड तिच्या गुडघ्यांवर आणि चेहरा अंधारात, अशा अवस्थेत तिने ते पूर्ण केलं. दिग्दर्शक मला काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

मित्र म्हणाला, प्रीसेट वापर, म्हणजे एकेक जागा किंवा रंग नावाने साठवून ठेव. मी घरी बसून सोफा, दार, खिडकी असे प्रीसेट केले. तालमीत सोफ्याचा प्रीसेट बदलून पाहिला, तर क्यूमध्ये काहीच बदललं नाही. एकदा अपडेट दाबलं तर क्यूच बिघडला. काका म्हणतात, "प्रीसेट म्हणजे पुढचा सीन खालच्या ओळीत लावून ठेवणं. तुझं हे ऑर्केस्ट्रावाल्यांचं काम आहे. नाटकाचा लाइट हाताने करायचा असतो." पुढच्या महिन्यात पाच गावांचा दौरा आहे. प्रीसेट खरंच कामाचे आहेत का? किती करायचे? आणि आधीच्या ६८ क्यूंचं काय करू?

*

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्या स्वगताच्या वेळी बोर्डवर बसून तुला काय वाटलं असेल ते मी ओळखू शकते. नटी बोलते आहे, चेहरा दिसत नाही, आणि आपल्या हाताखाली शंभर बटणं असून त्या क्षणी एकही उपयोगाचं नाही. आधी एक सांगते: त्या रात्री तू आळस केला नव्हतास. तू चुकीच्या जागी मेहनत घेत होतास.

उजेड गुडघ्यांवर का पडला ते पाहू, कारण सगळ्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. समज, पहिल्या नाट्यगृहात तुझा समोरचा बार १८ फुटांवर होता आणि नटीपासून आडव्या अंतराने १२ फूट पुढे. उभ्या माणसाचा चेहरा साधारण साडेपाच फुटांवर येतो. म्हणजे लाइटला साडेबारा फूट खाली आणि १२ फूट आत बघायचं होतं. हेडने तो कोन धरला, तुझ्या बोर्डने तो कोन आकड्यात लिहून ठेवला. दुसऱ्या गावी बार १५ फुटांवर आला. कोन तोच, पण आता चेहऱ्याच्या उंचीपर्यंत खाली यायला साडेनऊच फूट उरले. त्यामुळे किरण १२ फुटांऐवजी जेमतेम नऊ फुटांवर ती उंची गाठतो. तीन फूट अलीकडे! तिथून तो खाली उतरत जातो आणि नटीपाशी पोचेपर्यंत तिच्या पायांवर आलेला असतो. मशीनने काही चूक केली नाही. तू त्याला कोन सांगितला होतास, त्याने इमानाने तोच कोन धरला. तुझ्या मनात मात्र कोन कधीच नव्हता. तुझ्या मनात होता सोफा.

प्रीसेटचं काम एवढंच की तुझ्या मनातला सोफा बोर्डला कळावा. स्वगताच्या क्यूमध्ये, समज क्यू ३१ मध्ये, 'हेड १ चा पॅन (आडवं फिरणं) इतका, टिल्ट (वरखाली झुकणं) इतका' असं लिहिण्याऐवजी 'हेड १ ते ६, सोफा प्रीसेट बघा' असं लिहिलं जातं. सोफा म्हणजे कुठे, हे एकाच ठिकाणी नोंदलेलं असतं. नाट्यगृह बदललं की ती एक नोंद बदलायची, आणि जिथे जिथे सोफ्याचा उल्लेख आहे ते सगळे क्यू आपोआप नव्या सोफ्यावर येतात.

आता तुझ्या तालमीत काही बदललं का नाही, ते तुझ्या लक्षात आलं असेल. तू प्रीसेट केलेस ते क्यू साठवून झाल्यावर. क्यूंना त्या प्रीसेटची ओळखच नाही, त्यांच्या पोटात अजून पहिल्या नाट्यगृहाचे आकडे आहेत. प्रीसेटमधला आकडा आणि क्यूमधला आकडा तंतोतंत सारखा असला तरी बोर्ड ते नातं स्वतःहून जोडत नाही. क्यू साठवताना प्रीसेटला बोट लावून तो बोलावलेला असावा लागतो.

आणखी एक गोष्ट, जिथे नवीन मुलं हमखास अडकतात. सोफा प्रीसेट बोलावला, मग वाटलं की जरा डावीकडे हवा, एन्कोडर (बोर्डवरची चाकी) थोडा फिरवला आणि क्यू साठवला. त्या थोड्याशा फिरवण्यात नातं तुटलं. त्या हेडसाठी क्यूमध्ये पुन्हा नुसता आकडा गेला. म्हणून साठवण्याआधी फिक्स्चर शीटकडे, म्हणजे प्रत्येक लाइटची सध्याची स्थिती दाखवणाऱ्या तक्त्याकडे, बघायची सवय लाव. पोझिशनच्या रकान्यात प्रीसेटचं नाव दिसतंय की आकडा? आकडा दिसला तर थांब. तो फरक सोफ्याचाच असेल तर प्रीसेट सुधार. ती वेगळी जागा असेल, म्हणजे सोफ्याचा डावा हात वगैरे, तर तिचा वेगळा प्रीसेट कर. पोझिशन आणि रंग या दोन गोष्टींत नुसता आकडा क्यूमध्ये जाऊच द्यायचा नाही, इतका कडक नियम मी स्वतःला घातलेला आहे.

आधीच्या ६८ क्यूंचं काय? ते टाकून देऊ नकोस. घरी लॅपटॉपवर ग्रँड एमए २ ऑन पीसी टाक, ते फुकट मिळतं, आणि शो फाईलची एक प्रत घेऊन त्यावर काम कर. मूळ फाईलला हात लावायचा नाही. सिक्वेन्सची, म्हणजे तुझ्या क्यूंच्या मालिकेची, ट्रॅकिंग शीट उघड. तुझा बोर्ड ट्रॅकिंग करतो, म्हणजे एखादं हेड क्यू १२ ला सोफ्यावर गेलं आणि पुढे कुणी हलवलं नाही, तर १३, १४, १५ मध्ये ते तिथेच राहतं आणि त्या क्यूंत पोझिशन लिहिलेलीच नसते. त्यामुळे तुला ६८ क्यू दुरुस्त करायचे नाहीत. ज्या क्यूंत हेड नव्या जागी जातं तेवढेच करायचे. (दर क्यूला सगळी हेड्स निवडून सगळं साठवलं असशील तर मात्र प्रत्येक क्यूत सगळे आकडे दिसतील. तसं असेल तर एक पूर्ण दिवस हाताशी ठेव.) एकेक क्यू घे, हेड्स निवड, योग्य तो प्रीसेट बोलाव, त्याच क्यूमध्ये मर्ज करून (आधीचं न पुसता त्यात मिसळून) साठव. शीटमध्ये आकड्याच्या जागी नाव आलं की पुढचा. काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.

मात्र त्याआधी प्रीसेटची यादी नीट कर. हे काम बोर्डवर करू नकोस, संहिता आणि नेपथ्याचा आराखडा घेऊन कागदावर कर. नट कुठे थांबून बोलतो ते प्रत्येक ठिकाण लिही. दोन अंकी दिवाणखान्याच्या नाटकात ही संख्या बारा-चौदाच्या पुढे क्वचित जाते. सोफा, सोफ्याचा डावा हात, जेवणाचं टेबल, मुख्य दार, स्वयंपाकघराचं दार, खिडकी, बाबांच्या फोटोची भिंत, जिन्याची पहिली पायरी, मध्यावर डाऊन स्टेज (प्रेक्षकांकडचा भाग). त्यात पूर्ण दिवाणखान्याचा एक, सायक्लोरामाचा (मागच्या मोठ्या पडद्याचा) एक आणि शेवटी कलाकार नमस्काराला येतात तिथला एक. नावं नाटकातलीच दे. बोर्डवर ती रोमन लिपीत टाइप केलीस तरी शब्द सोफा, जिना, फोटो हेच ठेव. 'पोझिशन ७' असं नाव दिलंस तर तीन महिन्यांनी तुलाच कळणार नाही, आणि तू आजारी पडलास तर तुझ्या जागी बसणाऱ्या मुलाला तर नाहीच नाही. दिग्दर्शक म्हणतात, "जिन्यावर थोडा कमी आहे." त्यांच्या तोंडचा शब्द आणि तुझ्या बोटाखालचा शब्द एकच असला की मधला वेळ वाचतो.

हिशोब करून बघ. त्या संध्याकाळी तू ४० क्यूंत १० हेड्स हलवत होतास, म्हणजे ४०० वेळा नेम. चौदा जागांचे प्रीसेट असतील तर जास्तीत जास्त १४० नेम. प्रत्यक्षात स्वयंपाकघराच्या दारावर तीनच हेड्स असतात, त्यामुळे त्याहून कमीच. एका नेमाला २० सेकंद धर. ४०० ला सव्वादोन तास लागतात, १४० ला पाऊण तास. दुसऱ्यांचा दुपारचा प्रयोग संपून त्यांचा सेट निघेपर्यंत आपल्याला विंगेत ताटकळावं लागतं, ते तुला माहीत आहे. त्या दिवशी हा दीड तासाचा फरक म्हणजे प्रयोग वेळेवर सुरू होणं किंवा न होणं.

नेम धरताना जमिनीवर धरू नकोस. त्या जागी माणूस उभा कर, बॅकस्टेजचा कुणीही चालेल, आणि सोफ्यावर बसायचं असेल तर त्याला बसव. चेहरा बघून लाव. पहिल्या प्रयोगाच्या वेळी प्रत्येक प्रीसेट एकटा लावून प्रेक्षागृहातल्या मधल्या खुर्चीवरून फोनने एक फोटो काढून ठेव. चौदा फोटो. पुढच्या गावी तुझ्या आठवणीपेक्षा ते फोटो जास्त खरं बोलतील, विशेषतः किरणाची कड कुठपर्यंत येत होती त्याबाबत.

मूव्हिंग हेडची एक खोड सांगते. बहुतेक हेड्सचा पॅन ५४० अंश फिरतो आणि टिल्ट २७० च्या आसपास. त्यामुळे एकाच जागी दोन रीतींनी नेम धरता येतो: सरळ, किंवा पॅन अर्धा फेरा फिरवून आणि टिल्ट उलट्या बाजूला नेऊन. दोन्ही वेळा उजेड सोफ्यावरच दिसतो. पण सोफा एका रीतीने साठवला आणि दार दुसऱ्या रीतीने, तर सोफ्यावरून दाराकडे जाताना हेड छतावरून किंवा प्रेक्षकांच्या डोळ्यांवरून गरकन फिरून जातं. गंभीर प्रसंगात एवढं पुरतं सगळं मोडायला. म्हणून सगळे पोझिशन प्रीसेट करताना प्रत्येक हेडचा पॅन एकाच बाजूच्या फेऱ्यात ठेव. शंका आली तर दोन प्रीसेट एकापाठोपाठ तीन सेकंदांत चालवून डोळ्यांनी बघ.

दुसऱ्या गावी लाइटवाल्याने हेड उलट्या तोंडाने टांगलं तर काय? तेव्हा प्रीसेट दुरुस्त करायला घाई करू नकोस. आधी एकेक हेड घे, पॅन फिरव, उजवीकडे म्हटल्यावर उजवीकडे जातं का बघ. उलट जात असेल तर माणूस वर चढवून हेड फिरवून घे, नाहीतर पॅचमध्ये (कोणता लाइट कुठे जोडलाय ती बोर्डमधली यादी) त्या हेडची दिशा सुधार. ते झाल्यावरच प्रीसेट. नाहीतर पाऊण तास खर्चून लावलेले प्रीसेट कुणीतरी हेड सरळ केल्यावर सगळे वाया जातात.

आता रंग. इथे नाव कसं द्यायचं याबद्दल माझं मत ठाम आहे, आणि ते एका चुकीतून आलेलं आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका नाटकाचे रंग 'निळा', 'केशरी', 'गुलाबी' अशा नावांनी साठवले होते. पहिल्या अंकातली रात्र निळी होती, आणि दुसऱ्या अंकात आजोबा जातात तो प्रसंगही निळाच होता. एकच प्रीसेट दोन्हीकडे. काही प्रयोगांनंतर दिग्दर्शक म्हणाले, पहिल्या अंकातली रात्र फार थंड वाटते, जरा चांदण्यासारखी ऊब आण. मी प्रीसेट बदलला, पहिला अंक पाहिला, सगळ्यांना आवडला. दुसरा अंक पुन्हा चालवून पाहिलाच नाही. त्या रात्रीच्या प्रयोगात आजोबा गेले ते चांदण्यात. प्रेक्षकांना नेमकं काय बदललं ते कळलं नसेल, पण ज्या नटाने तो मृत्यू महिनोन् महिने त्या थंड उजेडात केला होता, त्याला कळलं. प्रयोगानंतर त्याने मला शांतपणे विचारलं, "आज काय वेगळं होतं?" ते मी विसरलेले नाही.

तेव्हापासून नाटकात मी रंगाला प्रसंगाचं नाव देते. 'रात्र पहिला अंक', 'आजोबा', 'पहाट', 'ट्यूबलाइट'. आज दोन्हींत एकच निळा असेल, तरी प्रीसेट दोन. उद्या एक बदलेल आणि दुसरा बदलायचा नसेल, अशी थोडी जरी शक्यता असली तरी ते वेगळे ठेवायचे. गॅदरिंग, ऑर्केस्ट्रा किंवा लावणीच्या कार्यक्रमात मात्र उलट करावं. तिथे पुढचं गाणं कोणतं ते ऐनवेळी कळतं, म्हणून लाल, निळा, अंबर अशी सरळ नावंच हाताला बरी.

रंग प्रीसेटमध्ये ठेवण्याचं खरं कारण तुझ्या पत्रातच आहे: पार वेगळ्या लाइटवाल्याचे होते. एकाचा पार लाल-हिरवा-निळा अशा तीन रंगांचा, दुसऱ्याच्या पारमध्ये पांढराही असतो, तिसऱ्याच्यात अंबरही. तीन रंगांतून काढलेला पिवळसर उबदार उजेड आणि अंबर असलेल्या पारचा उबदार उजेड चेहऱ्यावर सारखा दिसत नाही, विशेषतः आपल्या सावळ्या त्वचेवर. तीन रंगांवाल्यात चेहरा पटकन गुलाबी किंवा हिरवट होतो. पार बदलले की पॅचमध्ये नवीन जातीचे पार घे आणि जुन्या पारवरून त्यांच्यावर क्लोन (नक्कल) कर, म्हणजे क्यू, ग्रुप आणि प्रीसेट तिन्हींत ते येतील. मग एकेक रंग माणसाच्या चेहऱ्यावर बघून पुन्हा लाव आणि प्रीसेट सुधार. तुझ्या नाटकात असे आठ-दहाच रंग असतील. रंग साठवताना युनिव्हर्सल किंवा ग्लोबल हा पर्याय निवड, म्हणजे त्याच जातीचं नवीन हेड घेतलं तरी त्याला तो रंग लागू होईल. पोझिशन मात्र सिलेक्टिव्हच (साठवलेल्या हेडपुरतीच) हवी, कारण प्रत्येक हेड आपापल्या जागेवरून बघतं.

गोबो (नक्षीची सावली पाडणारी चकती), प्रिझम, आयरिस अशा किरणाचा आकार बदलणाऱ्या गोष्टींवर फार वेळ घालवू नकोस. वापरतोस तेवढ्यांचे प्रीसेट कर आणि पुढे चल. फक्त झूम आणि किरणाची धार गोबोसोबत एकाच प्रीसेटमध्ये बांधू नकोस. अंतर बदललं की धार बदलते, आणि खिडकीच्या जाळीची सावली धूसर झाली म्हणून पूर्ण गोबोचा प्रीसेट उकरावा लागतो.

डिमर, म्हणजे उजेड किती, ते मी प्रीसेटमध्ये ठेवत नाही. सोफ्यावर किती उजेड, हा त्या क्षणाचा निर्णय आहे. क्यू ३१ मध्ये ६० टक्के, ३२ मध्ये ४५. ते आकडे क्यूमध्येच राहू देत. नवीन ठिकाणी समोरचे लाइट एकूणच जास्त किंवा कमी वाटले, तर समोरच्या ग्रुपचा एक मास्टर फेडरवर ठेव आणि तिथून ओढ. सगळे क्यू एकदम खालीवर होतात, आतलं प्रमाण टिकतं. काकांच्या हातासाठीही हीच जागा आहे, त्याबद्दल खाली लिहिते.

अपडेटने क्यू का बिघडला? क्यू चालू असताना तू हेड हलवलंस आणि अपडेट दाबलंस. त्या वेळी जी खिडकी उघडते तिच्यात चालू क्यूही असतो आणि वापरात असलेला प्रीसेटही. तू क्यू सुधारलास. म्हणजे प्रीसेटचं नाव गेलं, आकडा आला. नाटक चालवत चालवत प्रीसेट सुधारणं शक्य असतं, पण तुला सध्या ते करायला मी सांगणार नाही. सरळ मार्ग धर. सगळे क्यू बंद कर. प्रोग्रॅमर, म्हणजे अजून न साठवलेले बदल, क्लिअर कर. समोरची हेड्स निवड, सोफा प्रीसेट बोलाव, हायलाइट (निवडलेलं हेड उठून दिसावं म्हणून) लाव आणि नेक्स्ट दाबत एकेका हेडला माणसाच्या चेहऱ्यावर आण. सगळी झाली की पोझिशनच्या खिडकीतल्या त्याच सोफा प्रीसेटवर साठव. बोर्ड विचारेल, ओव्हरराइट की मर्ज? मर्ज. ओव्हरराइट केलंस आणि निवडलेली हेड्स सहाच असली, तर उरलेल्या चार हेड्सचा सोफा पुसला जाईल, आणि ते कळेल थेट दुसऱ्या अंकात. मग पुन्हा क्लिअर, आणि पुढचा प्रीसेट. एका प्रीसेटचं काम दुसऱ्यात सांडू नये म्हणून हा क्लिअर प्रत्येक वेळी हवाच.

ऑल नावाच्या प्रीसेटपासून सध्या लांब राहा. त्यात पोझिशन, रंग, उजेड सगळंच एकत्र जातं. तुला फक्त सोफा हलवायचा असतो, आणि त्यासोबत प्रोग्रॅमरमध्ये राहिलेला एखादा रंग किंवा डिमर साठवला गेला तर शोधून काढणं अवघड जातं. पोझिशनच्या खिडकीत साठवलं की बोर्ड पॅन-टिल्टच तेवढं घेतो, बाकी गाळून टाकतो. या गाळणीचा फायदा घे.

दौऱ्यात एखाद्या ठिकाणी तुझा बोर्ड नसेलच, त्यांचा असेल, ही शक्यताही धर. एमएची फाईल एव्होलाइट्स किंवा ईऑस या दुसऱ्या कंपन्यांच्या बोर्डवर उघडत नाही. एमएवरच असलास तरी नव्या आवृत्तीवर साठवलेली फाईल जुन्या आवृत्तीवर उघडत नाही, म्हणून निघण्याआधी फोन करून आवृत्ती विचार. दुसऱ्या बोर्डवर याच गोष्टीला पॅलेट म्हणतात, घाबरू नकोस. ईऑसमध्ये 'फोकस पॅलेट' म्हणजे पॅन-टिल्ट, आणि तुझ्या एमएमध्ये फोकस म्हणजे झूम आणि धार. हा गोंधळ एकदा डोक्यात सोडवून टाक. अशा वेळी फाईल कामाला येत नाही, कागद येतो. जागांची यादी, प्रत्येक जागेवर कोणती हेड्स, आणि चौदा फोटो. त्यावरून परक्या बोर्डवरही दोन तासांत नाटक उभं राहतं. नुसते आकडे असते तर राहिलं नसतं.

आता काकांबद्दल. ते शब्दाच्या अर्थात चुकत नाहीयेत. त्यांच्या बोर्डवर वरच्या ओळीत चालू सीन असतो, खालच्या ओळीत पुढचा सीन आधीच लावून ठेवायचा आणि मास्टरने एकातून दुसऱ्यात जायचं. त्यालाच टू सीन प्रीसेट म्हणत. आधी लावून ठेवणं हाच त्या शब्दाचा मूळ अर्थ. पुढे मूव्हिंग हेड्स आली आणि लावून ठेवायच्या गोष्टींत उजेडासोबत दिशा आणि रंगही आले, तेव्हा त्याच शब्दाला तुझ्या बोर्डवर दुसरं काम मिळालं. काकांना हे असं सांगून बघ. तुझं म्हणणं त्यांना परकं वाटणार नाही.

आणि नाटकाचा लाइट हाताने करायचा, हे त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. नटीने एक श्वास जास्त घेतला तर फेड तेवढा थांबला पाहिजे, ते कोणताही प्रीसेट करत नाही. म्हणून तो समोरच्या ग्रुपचा मास्टर काकांच्या हातात दे. स्वगताचा शेवटचा फेड क्यूच्या वेळेवर न सोडता त्यांना हाताने उतरवू दे. आणि नवीन नाट्यगृहात तू हेड्स लावत असताना त्यांना पाचव्या रांगेत बसव. 'अजून वर, नाकाखाली सावली पडतेय' हे ते बसल्या जागेवरून सांगतील, तुला बोर्डवरून दिसणार नाही. पाच वर्षं तू त्यांच्याकडून तेच शिकलास.

दौऱ्याच्या पहिल्या गावी वेळ कमी मिळणार, हे गृहीत धर. समजा फोकसिंगला चाळीसच मिनिटं मिळाली. पहिली दहा हेड्सची दिशा आणि पॅच तपासायला. मग सोफा, कारण तिथे स्वगत आहे. मग डाऊन स्टेज मध्य, मुख्य दार, जिना. रंगात 'रात्र' आणि चेहऱ्यावरचा रोजचा उबदार, हे दोनच. बाकीचे प्रीसेट जसे असतील तसे सोडून दे, त्या जागांवर पारचा वॉश (सगळीकडे पसरलेला उजेड) पुरेल. शेवटची पाच मिनिटं क्यू ३१ चालवून बघायला ठेव, आणि तेव्हा नटीलाच सोफ्यावर येऊन बसायला सांग.